ओट्यावरचा दोर

अहमदाबादच्या एका पोळमध्ये, हॉटेल म्हणून नव्याने सजवलेल्या जुन्या हवेलीत आम्ही उभयता दोन रात्री राहिलो. पोळ म्हणजे एका दरवाजातून आत शिरणारी, चिंचोळ्या गल्ल्यांची वस्ती. हवेलीत खोल्या मोजून सात. भाडे आमच्या ऐपतीबाहेरचे होते हे आधीच कबूल करतो. पुढचे म्हणणे पैसे मोजून आत गेलेल्या माणसांचे आहे.

हवेली देखणी होती. मधला चौक, भोवती कोरीव सागवानी खांब आणि चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टाके. गच्चीवरचा पाऊस नळातून या टाक्यात उतरे आणि तेच पाणी पुढे पिण्यासाठी वापरत. आता टाक्यावर जाड काच बसवून आत दिवा सोडला आहे आणि उशाशी बाटलीबंद पाणी येते. याविषयी आमची तक्रार नाही. भाऊबंदकीत अडकलेल्या, मालक नदीपलीकडे राहायला गेलेल्या किती हवेल्यांचे खांब नि दरवाजे जुन्या बाजारात विकले गेले! २०१७ साली युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवले, भारतातले पहिलेच. पण सन्मानाने गळके छत दुरुस्त होत नाही. पुण्याच्या पेठांतले वाडे पडताना पाहिलेल्या आम्हांला, हॉटेल होऊन का होईना, घर उभे राहिले याचे मोल कळते.

खटकला तो ओटा. पोळमध्ये ओटा घराचा असतो तितकाच गल्लीचाही. येणारा-जाणारा तिथे टेकतो, चौकशी करतो, पुढे जातो. आमच्या ओट्यावर पितळी कुंड्या मांडून मध्ये जाड दोर बांधला होता. आम्ही तो ओलांडून बसू लागलो तेव्हा व्यवस्थापक अदबीने म्हणाले, "साहेब, चहा वर गच्चीत लावतो. तुम्ही इथे बसलात तर पोळमधले लोकही येऊन बसतील."

म्हणजे दोर आमच्यासाठी नव्हताच. ज्या शेजारामुळे ही हवेली दुसऱ्या कुठल्याही महागड्या खोलीहून वेगळी ठरते, जो शेजार दाखवूनच ती विकली जाते, तो मात्र हात जोडून बाहेर ठेवायचा! खांबांची नक्षी पुन्हा कोरून घ्यायला फार पैसा लागला असेल. दोर सोडायला काही लागत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही समोरच्या ओट्यावर गेलो. तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलेल्या बांनी सरकून जागा दिली. लग्न होऊन त्या याच पोळमध्ये आल्या होत्या. समोरच्या चौकात त्यांनी कितीतरी लग्नांच्या पंगती वाढल्या होत्या. हॉटेल झाल्यापासून आत गेल्या नव्हत्या. आम्ही व्यवस्थापकांना विचारले, बांना चहाला आत आणू का? जरूर आणा, ते म्हणाले, फक्त पाहुण्यांच्या वहीत नाव आणि ओळखपत्र नोंदवावे लागेल.

हे सांगितल्यावर बा हसल्या आणि आमच्यापुढे शेंगांचे सूप सरकवले. दिवेलागणीपर्यंत आम्ही शेंगा सोलत बसलो.