घंटी कुणासाठी?

पुणे हे सायकलींचे शहर होते, हे आमच्या वर्गातल्या मुलांना आता सांगावे लागते. २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथाला लागून सायकलमार्गही आला. आम्ही त्यावरून महाविद्यालयात जातो, म्हणजे जाऊ पाहतो. मार्गावर कुणी दुचाकी लावून गेलेले असते आणि उरलेल्या वाटेत कानांत इअरफोन घालून, मोबाइलमध्ये मान खुपसून माणसे चालत असतात. घंटी त्यांना ऐकू येत नाही. ज्यांना येते ते दचकून नेमके चाकापुढे येतात.

गेल्या महिन्यात अशाच एका मुलीला आमचा धक्का लागला. कोपर खरचटले, मोबाइल पडला. चूक तुझीच, असे आम्ही तावातावाने ऐकवलेही. ती आमच्याच द्वितीय वर्षाच्या वर्गातली निघाली. इतकेच म्हणाली, "सर, मी चालत होते."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. चालणाऱ्याने बेसावध असू नये, हे खरे. पण चालता चालता हरवून जाण्याची मुभा निदान वाङ्मय शिकवणाऱ्यांनी तरी नाकारू नये. वेग ज्याचा, जबाबदारी त्याची, हा न्याय आम्ही मोटारवाल्याला हटकून लावतो. सायकलवर बसताच तो सोयीस्करपणे विसरतो. शिवाय आम्हां दोघांना एका पट्टीत कोंबून उरलेला रस्ता ज्या वाहनांना दिला, ती या भांडणात कुठेच नसतात.

हल्ली गर्दी दिसली की आम्ही उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. तासाला पाच मिनिटे उशीर होतो.