दुधाचे खाते कोणाचे?

आईवर कविता नाही असा आपल्या वार्षिकाचा एकही अंक माझ्या पाहण्यात नाही. दरवर्षी निदान दोन कविता आणि एक निबंध ठरलेला. त्यात आई समईसारखी जळते, चंदनासारखी झिजते आणि सागराएवढी माया करते. या कवितांवर माझा राग नाही. लिहिणाऱ्याचे मन त्यात असते. पण झिजणाऱ्या आईचे कौतुक करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ती दिवसाचे किती तास झिजते हे मोजले आहे? आणि त्या झिजण्याचे पैसे कोणाच्या नावावर जमा होतात, हे कितीजणांनी पाहिले आहे? वाचकहो, आज मला या जरा रुक्ष प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे.

आमचे घर पंचगंगेच्या खोऱ्यातील एका खेड्यात आहे. दीड एकर ऊस. गोठ्यात तीन म्हशी, एक संकरित गाय आणि त्यांची रेडके-वासरे. उसाचे पैसे वर्षातून एकदोनदा हाती येतात. रोजचा संसार चालतो तो दुधावर. किराणा, आजीची औषधे, माझी फी, एस.टी.चा पास, सारे काही दर दहा दिवसांनी निघणाऱ्या दुधाच्या बिलातून. म्हणजे घराचा खरा आधार गोठा, आणि गोठ्याचा आधार आई.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठवडाभर वही घेऊन आईच्या गोठ्यातल्या कामाचे तास लिहून काढले. पहाटे पावणेपाचला ती गोठ्यात शिरते. शेण काढायचे, गोठा झाडायचा, वैरण टाकायची, पेंड-भुशाचे आंबोण पुढे ठेवायचे, कास धुवायची, रेडकू लावून पान्हा फुटू द्यायचा, मग धार काढायची. हे सारे आटोपेपर्यंत साडेसात होतात. दुपारी दोन तास गवत कापणे, भारा डोक्यावरून आणणे आणि कुट्टी करणे. संध्याकाळी पाच ते सव्वासात पुन्हा सकाळचाच क्रम. एकूण सात तास झाले. यात स्वयंपाक, धुणीभांडी, शेणी थापणे आणि आजीची सेवा धरलेली नाही. सात तासांना ३६५ ने गुणले की २,५५५ तास होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे ३१९ दिवसांचे काम झाले. पाच दिवसांचा आठवडा असलेला नोकरदार सणवार आणि रजा वगळता वर्षाला अडीचशे दिवससुद्धा कामावर नसतो. मी आईला म्हटले, "एक दिवस तरी सुट्टी घे की गं." ती हसून म्हणाली, "म्हशीला कुठला आलाय रविवार?"

तिचे म्हणणे खरेच आहे. जनावर हाताच्या सवयीचे असते. परका हात लागला की म्हैस दूध चोरते, कधी लाथ मारून चरवीच उलथवते. म्हणून मावशीच्या मुलीच्या लग्नातही आई अक्षता पडल्यावर जेमतेम जेवली आणि संध्याकाळच्या धारेसाठी दुपारच्या एस.टी.ने परत आली. माहेरी दोन रात्री सलग राहिल्याचे तिला आठवत नाही.

आता मातृत्वाचे पाहू. म्हैस दहा महिने दहा दिवसांची गाभण असते, गाय नऊ महिने नऊ दिवसांची. विण्याआधी दोन महिने जाणता शेतकरी तिला आटवतो, म्हणजे धार काढणे थांबवतो; पोटातल्या वासराला आणि पुढच्या वेताला बळ मिळावे म्हणून. व्याल्यावर तिला गूळ घालून बाजरी शिजवून देतात, पहिला चीक वासराच्या पोटात वेळेवर जातो की नाही हे पाहतात. यात काहीच चूक नाही. जनावराची निगा अशीच राखली पाहिजे. पण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई आदल्या संध्याकाळपर्यंत धारेला बसत होती आणि सव्वा महिना पुरा होण्याआधीच पुन्हा गोठ्यात होती. भाऊ दावणीच्या वरच्या तुळईला बांधलेल्या झोळीत वाढला. पाय झोळीच्या दोरीत अडकवून, झोका देत देत आई धार काढी. हे चित्र कवितेत फार गोड दिसेल. ज्या बाईची कंबर तेव्हापासून धरली आहे, तिला ते तितके गोड वाटत नाही. गाभण म्हशीला मिळणारी दोन महिन्यांची विश्रांती गर्भार बाईला मिळू नये, याला माया म्हणावे की हिशेबाची चूक?

हिशेबाचीच चूक, असे माझे मत आहे. आपल्या देशाने बाईचे हे काम फार उशिरा मोजावयास घेतले. दुधाचा महापूर योजना सुरू झाली १९७० साली. १९९८ साली भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. पण घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणे हेही काम आहे, हे शब्द जनगणनेच्या प्रश्नात आले ते १९९१ साली, आणि दूध काढण्याचे काम, मग ते घरच्या वापरापुरते का असेना, कामाच्या व्याख्येत घेतले गेले ते २००१ साली. त्याआधी प्रगणक दारात येऊन "बाई काय करते?" असे विचारी, तेव्हा "काही नाही, घरीच असते" हे उत्तर आतून येई. आजही येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो असे आढळले. गोठ्याचे सात तास संपवून माझी आई या २९९ मिनिटांकडे वळते.

आता खात्याकडे येऊ. दूध काढते आई. पण किटली मोटारसायकलला अडकवून डेअरीत नेतात बाबा. फॅट लागते, पावती निघते, तिच्यावर नाव बाबांचे. संस्थेचे सभासद बाबा. बिल जमा होते ते बाबांच्या बँक खात्यात. वार्षिक सभेला जातात बाबा, संचालकांच्या निवडणुकीत मत देतात बाबा, दिवाळीआधी निघणारा दरफरक मिळतो बाबांना. माझे बाबा वाईट आहेत असे कोणी समजू नये. ते उसात राबतात, व्यसन नाही, पैसे घरातच देतात. पण मग फॅट कमी लागली की बोलणी कोण खाते? "आज आंबोण बरोबर घातलं नाहीस काय?" हा प्रश्न आईलाच येतो. जबाबदारी एकीची आणि नाव दुसऱ्याचे, असा हा कारभार आहे.

यावर हमखास उत्तर मिळते: "एकाच घरात तुझे-माझे कशाला? कोणाच्याही नावावर असले तरी पैसा घराचाच ना?" अगदी मान्य. मग तो आईच्या नावावर असावयास अडचण कोणती? घर तर तेच राहणार! दुसरे म्हणतात, बायकांना हिशेब जमत नाही. आमच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयाच्या प्रत्येक तारखेखाली सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि पशुखाद्याच्या पोत्यांची उचल आईच्या अक्षरात लिहिलेली आहे. बिलात चूक निघाली तर ती तीच काढते. तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. महिलांच्या दूध संस्था पुष्कळ ठिकाणी निघाल्या. पण त्यांतल्या काही ठिकाणी सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा असे चालते. खरे आहे. नुसत्या नावाने सत्ता येत नाही. पण नावच नसेल तर पुढचे काहीच येत नाही.

नाव नसल्याने काय होते ते आमच्या गल्लीने पाहिले आहे. शेजारच्या एका काकूंचे यजमान अचानक वारले. दहाव्याच्या दिवशीही त्यांनी धार काढली, कारण म्हशीला सुतक कळत नाही. दूध रोज डेअरीत जात होते; पण खाते मयताच्या नावाचे, तेव्हा वारसाचे कागद पुरे होईपर्यंत बिल अडकून पडले. पाच महिने! स्वतः काढलेल्या दुधाचे पैसे मिळावेत म्हणून ती बाई दाखले गोळा करीत फिरली, आणि तोवर पेंड उधारीवर आणीत राहिली. खाते पहिल्यापासून तिच्या नावावर असते, तर एवढ्या दुःखात ही वणवण तरी टळली असती.

ही मागणी काही जगावेगळी नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून दिली. जमिनीला तलाठी लागतो, फेरफार लागतो, भावकीची तोंडे सांभाळावी लागतात. दुधाच्या खात्याला यातले काही लागत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे आपल्या राज्याने बंधनकारक केले आहे. गाईम्हशींच्या कानातसुद्धा आता बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे. म्हणजे जनावराची नोंद झाली, मुलाच्या नावात आई आली. दुधाच्या पावतीवर तेवढी ती अजून यावयाची आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे: जी धार काढते ती सभासद असावी, बिल तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जावे, आणि सभेला तिने जावे. सभेची वेळ धारेच्या वेळेशी टक्कर देणारी नसावी, एवढे पथ्य संस्थांनी पाळावे. घरच्या पुरुषांनी आठवड्यातून निदान एक वेळचा गोठा पुरा सांभाळावा. म्हणजे म्हशीलाही दुसऱ्या हाताची सवय होईल आणि आईला माहेरी एक रात्र मुक्काम करता येईल.

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? यंदा राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर ज्या गावी जाईल तेथे रस्ता झाडून झाल्यावर घरोघरी दोनच प्रश्न विचारू: धार कोण काढते, आणि पावती कोणाच्या नावाची? उत्तरे वहीत लिहून गावाच्या डेअरीच्या भिंतीवर लावू. आमच्या घरापुरते सांगायचे तर मी बाबांपुढे सभासदत्वाचा कोरा अर्ज ठेवला आहे. त्यांनी तो वाचला, घडी करून कालनिर्णयामागे खोचला आणि "बघू" म्हणाले. आईने त्यावर अजून तरी काहीच म्हटलेले नाही. पण सभासदाच्या एका शेअरची किंमत किती, हे तिने परवा मला विचारले.