स्थानिक बिअरमध्ये स्थानिक किती?

मद्यनिर्मितीचे ठिकाण पाहणे, तेथील प्रक्रिया समजून घेणे आणि शेवटी थोडेथोडे चाखणे ही हौस महाराष्ट्रात फार जुनी नाही. नाशिकजवळच्या सुला वाइनयार्ड्सने २००५ मध्ये चाखण्यासाठी स्वतंत्र दालन उघडले, तेव्हा द्राक्षबागेत फिरून ओळीने मांडलेले चार पेले चाखण्याची रीत मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुण्यात २००९ मध्ये डुलालीने स्वतः गाळलेली ताजी बिअर देण्यास प्रारंभ केला, पुढील काही वर्षांत लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत असेच उपक्रम उभे राहिले, आणि २०१४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून गेटवे ब्रुइंग कंपनीची पिंपे शहरातील हॉटेलांकडे जाऊ लागली. बिअरच्या अशा उपक्रमांना मिळून ‘क्राफ्ट ब्रुअरी’ म्हणतात. म्हणजे अशी लहान ब्रुअरी, जिथे बिअर थोड्या प्रमाणात, ब्रुअरच्या स्वतःच्या पाककृतीप्रमाणे आणि बहुधा दीर्घकाळ टिकवण्याचा आग्रह न धरता तयार होते. जेथे बनते तेथेच ती विकली जात असेल तर त्या जागेला ब्रूपब म्हणतात, आणि ब्रुअरीने स्वतःची बिअर थेट पिंपाच्या तोटीतून देण्यासाठी उघडलेल्या दालनाला टॅपरूम.

मुंबईतील दहिसरच्या रहिवाशाला हे जग आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. दहिसर पूर्वेहून निघणाऱ्या मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, म्हणजे अंधेरी पश्चिमेकडे जाणारी २ अ आणि गुंदवलीकडे जाणारी ७, जानेवारी २०२३ पासून पूर्ण लांबीने धावत आहेत, आणि ज्या भेटीत मद्य चाखायचे आहे तिला स्वतःचे वाहन न घेता जाता येणे ही सोय लहान मानता येणार नाही. मात्र अशा भेटीत पाहुण्याने आपल्याबरोबर एक प्रश्न अवश्य न्यावा. प्रत्येक क्राफ्ट ब्रुअरी आपली बिअर ‘स्थानिक’ असल्याचे अभिमानाने सांगते. तर त्या पेल्यातील कोणती गोष्ट या भूमीची आहे, हा तो प्रश्न होय, आणि बिअरच्या चार घटकांपैकी प्रत्येकापाशी त्याचे उत्तर निराळे मिळते.

भेटीचा आरंभ बहुधा धान्याच्या पोत्यांपाशी होतो. बिअरचे मुख्य धान्य बार्ली, म्हणजेच जव किंवा सातू. मटकीला मोड आणावेत तसे बार्लीला भिजवून मोड आणतात आणि ते वाढण्यापूर्वीच धान्य गरम हवेत वाळवतात. या वाळवलेल्या धान्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम, म्हणजे पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये तयार होतात, आणि भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती आपले काम करतात. त्यातून गाळून निघणाऱ्या गोड द्रवाला वर्ट असे नाव आहे. चांगला मार्गदर्शक पाहुण्यांना माल्टचे दाणे चावून पाहायला देतो आणि शक्य असेल तर कोमट वर्टचा घोटही देतो, कारण पुढे पेल्यात जाणवणारा पावाच्या कवचाचा, भाजक्या दाण्याचा किंवा कॉफीचा स्वाद कोठून येतो हे त्यावाचून कळत नाही. ही बार्ली मात्र महाराष्ट्राची नसते: देशात तिचे पीक प्रामुख्याने राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा या उत्तरेकडील राज्यांत येते, आणि गडद भाजलेले विशेष माल्ट अनेकदा जर्मनी किंवा बेल्जियमहून आणले जाते. वर्ट गाळल्यावर उरणारा चोथा, जो शंभर लिटर बिअरमागे ओल्या वजनाने वीस किलोच्या आसपास भरतो, गुरांना चालतो. आरे आणि गोरेगावच्या परिसरात अजूनही तबेले असलेल्या शहरात तो कचऱ्यात जाणे ही निव्वळ नासाडी ठरते.

दुसरा घटक पाणी, आणि येथे मात्र मुंबईची बिअर खरोखर मुंबईची असते. बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो, आणि कोणत्या गावी कोणती बिअर नावाजली हे पुष्कळदा तेथील पाण्यातील क्षारांनी ठरवले आहे. बोहेमियातील पिल्सेन गावाचे पाणी अत्यंत मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेले, म्हणून १८४२ मध्ये तेथे जन्मलेली फिकट सोनेरी बिअर नाजूक चवीची झाली. इंग्लंडमधील बर्टन गावच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे, म्हणून तेथील बिअरला हॉप्स या फुलांचा कडवटपणा अधिक स्वच्छ व कोरडा लाभला, आणि एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील गोऱ्या रहिवाशांसाठी जहाजांतून पाठवल्या जाणाऱ्या ‘इंडिया पेल एल’ची मोठी पेठ याच गावाने काबीज केली. मुंबईला पाणी देणारे सात जलाशय, म्हणजे तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा, पावसाच्या पाण्याने भरतात, आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहत आलेले हे पाणी तुलनेने मऊ आहे. ब्रुअर ते बहुधा गाळण-यंत्रांतून आणखी शुद्ध करून घेतो आणि मग जी बिअर करायची तिला साजेसे क्षार मोजून घालतो. अशा रीतीने एकाच नळाच्या पाण्यातून सोमवारी पिल्सेन आणि गुरुवारी बर्टन घडवता येते, आणि हे कौशल्य दाखवल्यावाचून जो मार्गदर्शक चकचकीत टाक्यांकडे वळतो, त्याने भेटीतला मोलाचा भाग गाळला असे म्हणावे लागेल.

पाण्याचा विषय क्षारांपाशी संपत नाही. काटकसरीने चालणाऱ्या मोठ्या कारखान्यातही एक लिटर बिअरसाठी धुण्या-थंड करण्यासह तीन-चार लिटर पाणी लागते आणि लहान ब्रुअरीत त्याहून बरेच अधिक. मराठवाड्याला याची जाणीव कटू प्रसंगी झाली: २०१६ च्या भीषण दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात आधी निम्मी आणि नंतर साठ टक्के कपात करण्याचा आदेश दिला, कारण औरंगाबादजवळच्या वाळूजमधील बिअर कारखान्यांची आणि तहानलेल्या गावांची तुलना लोकांना असह्य झाली होती. दहिसरला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ज्या तुळशीचे पाणी शहर पिते, त्याच तलावापाशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदी उगम पावते, आणि जंगल सोडून वस्तीत शिरताच सांडपाण्याने तिची दुर्दशा होते. ब्रुअरीचे सांडपाणी साखर आणि यीस्टने भरलेले असते व ते तसेच सोडल्यास प्रवाहातील प्राणवायू शोषून घेते. म्हणून ‘धुवण जाते कोठे?’ असे विचारणाऱ्या पाहुण्याला आगाऊ समजण्याचे कारण नाही.

तिसऱ्या घटकाविषयी, म्हणजे हॉप्स या वेलीच्या फुलांविषयी, थोडक्यात सांगता येते. वर्ट तास-दीड तास उकळताना ती घालतात. आरंभी घातलेली कडवटपणा देतात, अखेरीस घातलेली सुगंध. या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, भारतात ती हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात थोडीशी होते, आणि बाकी सारा माल जर्मनी, अमेरिका अशा देशांतून येतो. येथे स्थानिकतेचा दावा टिकत नाही.

चौथा घटक यीस्ट, म्हणजे साखर खाऊन मद्यार्क आणि कर्बवायू सोडणारी एकपेशीय बुरशी. तिचे जीवनकार्य लुई पाश्चरने उलगडले आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत बसवली, तेव्हापासून जगभरच्या ब्रुअऱ्या विकतचे किंवा जपून ठेवलेले शुद्ध यीस्ट वापरतात. एल प्रकारची बिअर साधारण १८ ते २२ अंशांत आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते, तर लागर प्रकाराला ८ ते १२ अंशांची थंडी आणि पुढे कित्येक आठवड्यांची विश्रांती लागते. मुंबईच्या हवेत दोन्हींसाठी टाक्यांभोवती थंड द्रव अखंड फिरवावा लागतो, आणि लहान ब्रुअरीतून एल अधिक का दिसते याचे मोठे कारण या वीजबिलात आणि अडकून पडणाऱ्या टाकीत आहे.

यीस्टचा उल्लेख आला की दहिसर, बोरिवली, गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्याची एक निराळी आठवण सांगायला हवी, कारण येथे बिअरच्या कितीतरी आधीपासून, कोणतेही यीस्ट विकत न आणता, आंबवलेले पेय रोज तयार होत असे. ताडाच्या पोयीतून निघणारी ताडी, नारळाच्या पोयीतून निघणारी माडी आणि शिंदीच्या खोडातून पाझरणारा रस यांत हवेतील, मडक्यातील आणि झाडावरील यीस्ट आपोआप शिरते. पहाटे गोड असलेला रस दुपारपर्यंत बिअरइतका मादक होतो आणि पुढे त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, बनतो. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते व त्या गोड रसाला नीरा म्हणतात. भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही कला सांभाळली, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून याच ताडीने ‘फुगे’ या पावाचे पीठ फुगवले जाई, म्हणजे पेयाचे यीस्ट पावाचेही यीस्ट होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने प्रत्येक झाड छेदण्यावर परवाना आणि कर बसवला, स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हा व्यवसायच बेकायदा ठरवला, आणि पुढे बंदी सैल झाली तोवर ज्ञानाचा धागा विरळ झाला होता. नंतर रसायने मिसळलेल्या भेसळीच्या ताडीने उरलेला विश्वासही घालवला. परदेशी पाकिटातून आलेल्या यीस्टच्या बिअरला ‘स्थानिक’ म्हणणाऱ्या शहरात गोराईच्या माडीतील यीस्ट वेगळे काढून जपणे हे काम एखाद्या ब्रुअरीने महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या साहाय्याने हाती घेतले, तर ती मोलाची सांस्कृतिक सेवा ठरेल.

१९४९ चा तो कायदा आजही लागू आहे, आणि त्याच्या मोठ्या भागाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात मान्य केली. त्यामुळे महाराष्ट्रात मद्य पिणाऱ्याजवळ आजही पिण्याचा परवाना असावा लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, तीव्र मद्यासाठी २५. ज्या राज्यात दारूचे दुकान ठेवावे की बंद करावे हे ठरवणाऱ्या ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानासाठी स्त्रियांनी गावोगाव लढा दिला, तेथे मद्याविषयी लिहिताना त्या लढ्यामागचे उद्ध्वस्त संसार दृष्टीआड करता येत नाहीत. चाखणे आणि पिणे यांत भेद करण्याचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे.

चाखण्याच्या लाकडी फळीवर चार ते सहा लहान पेले मांडलेले असतात, प्रत्येकात शंभर मिलिलिटरच्या आसपास. क्रम फिकटाकडून गडदाकडे आणि सौम्याकडून कडवटाकडे ठेवतात, अन्यथा पहिल्याच कडू घोटानंतर जिभेला नाजूक चव कळेनाशी होते. आधी रंग आणि फेस पाहावा, मग पेला हलवून वास घ्यावा, मग लहान घोट घ्यावा; वाइन चाखून थुंकून टाकतात, पण बिअरचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूस व गिळल्यानंतर अधिक उमगतो, म्हणून येथे थोडे तरी गिळावे लागते. दोष ओळखता येणे हा या अभ्यासाचा खरा लाभ होय: लोण्यासारखा वास आला तर यीस्टला काम पुरे करू दिलेले नाही, कच्च्या सफरचंदासारखा आला तर बिअर अपक्व आहे, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर तिला हवा लागली आहे. भारतात सर्वाधिक खप तीव्र बिअरचा आहे, जिच्याकडून ग्राहक मुख्यतः नशेची अपेक्षा करतो. याउलट ज्याला हे दोष नाकाने ओळखता येतात तो एका पेल्यावर तासभर रमतो.

पुण्यामुंबईच्या ब्रुअरींनी आंबा, कोकम यांसारखी फळे घालून बिअर केल्या आहेत आणि त्यांतील काही रुचकरही असतात, परंतु परक्या बार्लीच्या बिअरला कोकणी फळाचा वास दिल्याने स्थानिकतेचा प्रश्न सुटतो असे मानणे घाईचे होईल. त्याचे अधिक गंभीर उत्तर ज्वारीत आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतके बनते, आणि नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातल्यावर तेथील मोठ्या कारखान्यांनी ज्वारीपासून लागर बनवून दाखवली. महाराष्ट्र हे देशातील ज्वारीचे अग्रगण्य राज्य आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. अडचणी खऱ्या आहेत: ज्वारीचे पिष्ट बार्लीपेक्षा अधिक उष्णतेला उकलते, तिच्या मोडांत साखर करणारे एक महत्त्वाचे एन्झाइम फार थोडे असते, आणि दाण्याला टरफल नसल्याने वर्ट गाळताना चोथ्याचा थर घट्ट बसतो. म्हणून ब्रुअरला ज्वारी वेगळी शिजवावी लागते, एन्झाइम बाहेरून घालावे लागते किंवा निम्मी बार्ली मिसळावी लागते, आणि गाळणीसाठी भाताचे तूस वापरावे लागते, जे पालघर-रायगडच्या कोणत्याही भातगिरणीत मिळते.