पुढची तार आणि मागची जाळी

दारात नवे वाहन येऊन उभे राहिले, की शेजारी त्याची किंमत विचारतात, नातेवाईक ते लिटरला किती पळते हे विचारतात आणि घरातील मुले पेढे कुठे आहेत हे विचारतात. २०२५ सालच्या दसऱ्याला आम्ही मोटारसायकल घेतली, तेव्हा यांपैकी दुसऱ्या प्रश्नाने आमची तारांबळ उडवली. उत्तर लिटरात देता येत नव्हते. आमची गाडी गॅसवर चालते.

बजाजची फ्रीडम १२५ ही ती गाडी. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात ती प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा सीएनजीवर चालणारी जगातील पहिली मोटारसायकल म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. बैठकीखाली दोन किलो वायू मावेल असे नळकांडे, पुढे दोन लिटर पेट्रोलची चिमुकली टाकी आणि डाव्या मुठीपाशी एक बटण. ते दाबले की गाडी वायूवरून पेट्रोलवर किंवा पेट्रोलवरून वायूवर जाते. किलोभर वायूत १०२ किलोमीटर आणि लिटरभर पेट्रोलात ६५, म्हणजे दोन्ही भरून घेतले तर सुमारे ३३० किलोमीटर, असा कंपनीचा आकडा. आम्ही वर्षभर नुसतेच बघत होतो. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान दुचाक्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या धीराचा बांध फुटला.

गॅसचे वाहन म्हणजे सुरतकरांना काही अप्रूप नव्हे. खोल समुद्रातील वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर येतो आणि येथील रिक्षा कैक वर्षे त्याच इंधनावर धावत आहेत. तरीही आपण ज्यावर बसलो आहोत त्याच्याच खाली दाबून भरलेला वायू आहे, ही जाणीव पहिले आठ दिवस मनातून जात नाही. सौभाग्यवतींनी तर पहिल्या दिवशी बैठकीला हात लावून ती तापली आहे का, हे पाहून घेतले. या नळकांड्याची दर तीन वर्षांनी दाबाची तपासणी करून घ्यावी लागते. ती तारीख आम्ही विम्याच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

यापूर्वी आमच्या घरी चेतक होती. १९७२ साली बाजारात आलेल्या या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, हे आमच्या पिढीला सांगायला नको. सकाळी तिला एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची आणि तरीही ती रुसली तर प्लग काढून पुसायचा, हा नित्यनेम होता. परंतु तिचे उपकार मोठे. पायांशी गॅसची टाकी, धान्याचे पोते, गणपतीची मूर्ती असे सारे काही त्या फळीवर सुखाने बसे. शिवाय मागचे चाक तिच्या पत्र्याच्या अंगात दडलेले असे. या गोष्टीचे महत्त्व तेव्हा आमच्या ध्यानी आले नव्हते. ते कसे आले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आधी गाडीचा अनुभव. डिंडोलीहून सचीनच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन-येऊन आमचे रोज पंचवीसेक किलोमीटर होतात. तीन-साडेतीन महिन्यांची वही पाहता किलोमागे नव्वदीच्या आसपास हिशेब बसतो. मेट्रोच्या खोदकामाने जागोजागी वळसे आणि दर फर्लांगावर सिग्नल, हे ध्यानात घेता आम्ही समाधानी आहोत. पंपावर मात्र वेळ हाताशी ठेवून जावे. रिक्षांच्या रांगेत मोटारसायकल उभी केली की पुढचे-मागचे रिक्षावाले कौतुकाने पाहतात, ‘काका, यामां पण गेस?’ म्हणून विचारतात आणि मग घाई करतात. संध्याकाळी पंपावर दाब कमी असला तर दोन किलोंचे नळकांडे पूर्ण भरतही नाही. पहाटे जाणे उत्तम. गाडीची बैठक चांगली ऐसपैस आहे, परंतु जमिनीपासून तिची उंची ८२५ मिलिमीटर. आमची स्वतःची उंची बेताची असल्याने सिग्नलला टाचा अधांतरी राहतात. सौभाग्यवती घराच्या ओट्यावरून बसतात; उतरायच्या ठिकाणी ओटा असेलच असे नाही.

मार्गशीर्षात आम्ही एकटेच नवापूरला जाऊन आलो. बारडोली, व्यारा, सोनगड करीत रस्ता सरळ आहे. जाताना वायूवर गेलो, येताना शेवटचा टप्पा पेट्रोलवर काढला. नवापूरच्या स्टेशनात गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द फलाटावरूनच जाते. तेथे उभे राहिले की आम्हांस दर वेळी आपण नक्की कुठले, असा प्रश्न पडतो. पण ते असो.

आता सजावटीकडे वळू. गाडी घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच आमच्या पुतण्याने यादी काढली. लेगगार्ड, सीट कव्हर, मोबाईल अडकवायचा चिमटा, जादा दिवे, मोठा भोंगा आणि टाकीवर चिकटवायची कसली तरी ज्वाळांची चित्रे. ‘नाना, गाडी कोरी दिसते,’ असे त्याचे म्हणणे. ज्वाळांना आम्ही साफ नकार दिला. ज्या गाडीत गॅस आहे तिच्यावर आगीचे चित्र कशाला? दिवे आणि भोंगाही नाकारले. समोरच्याचे डोळे दिपवून आणि कान फोडून आपला प्रवास सुखाचा होत नाही, आणि मूळ वायर कापून जोड दिला की हमीचा प्रश्न उपस्थित होतो. राहिलेल्या वस्तूंसाठी पुतण्याने आम्हांस एका दुकानी नेले. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अशी दुकाने प्रत्येक रस्त्यावर आहेत.

तेथील पोरगा हाताने चपळ होता. लेगगार्ड त्याने दहा मिनिटांत बसवले. पिशवीची कडी लावण्यासाठी तो वेल्डिंगची नळी घेऊन आला, तेव्हा मात्र आम्ही ओरडलोच. नळकांड्याच्या शेजारी ठिणग्या पाडायला निघालेला हा पोरगा क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. मग नटबोल्टवर काम भागले. जाता जाता त्याने मागच्या चाकाच्या डाव्या बाजूची जाळी पाहिली, जिला सर्वजण साडी गार्ड म्हणतात. ‘काका, ही काढून टाकू? खडखडते, चिखल धरते, गाडी म्हातारी दिसते.’ पुतण्यानेही मान डोलावली. एका वेल्डिंगवर विजय मिळवल्यामुळे आम्ही उदार झालो होतो. काढ म्हणालो. खरोखरच गाडी मागून सडपातळ दिसू लागली.

पौष लागला. सुरतेत उत्तरायणाचे वेध लागले, की रस्तोरस्ती दोरा रंगवण्याच्या चरख्या फिरू लागतात. सुरती मांज्याची कीर्ती सर्वदूर आहे, आणि त्याची धार दुचाकीवाल्याच्या गळ्याला ठाऊक आहे. नायलॉनचा दोरा तर तुटतच नाही, गळाच चिरतो. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो कुठून तरी येतोच. उत्तरायणाच्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाक्यांना मनाई करणारे फर्मानही पोलीस आयुक्तांकडून अलीकडच्या वर्षांत निघत आले आहे. यावर सुरतकरांनी काढलेला तोडगा म्हणजे हँडलला बसवायची कमानीसारखी तार. दोन्ही आरशांच्या बुंध्यात तिची टोके अडकवायची. आडवा आलेला दोरा तारेवर अडतो, गळ्यापर्यंत येत नाही. रस्त्याच्या कडेला ती स्वस्तात मिळते. आम्ही ती बसवली, वर आयएसआय छापाचे दोन हेल्मेट घेतले, गळ्याला मफलर गुंडाळला. सौभाग्यवतींच्या हेल्मेटचा प्रश्न अंबाड्यामुळे दोन दिवस अडून राहिला. शेवटी अंबाडा मानेवर उतरला. एकूण संक्रांतीपुरती आमची तयारी जय्यत होती.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी सौभाग्यवती हळदीकुंकवासाठी लिंबायतेस निघाल्या. अंगावर येथल्याच कापड बाजारातील नवी छापील साडी होती. सुरतेची ही साडी साऱ्या देशाला ठाऊक आहे: हलकी, गुळगुळीत, धुऊन लगेच वाळणारी आणि वाऱ्याच्या झुळुकीने उडणारी. आमच्या खानदेशातील आजीचे जाड सुती लुगडे कासोटा मारून असे घट्ट बसे, की घोड्यावरही हलले नसते. थंडी म्हणून सौभाग्यवतींनी पदर खांद्यावरून मानेभोवती घेतला होता. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसरा हात आमच्या खांद्यावर. गतिरोधकापाशी आम्ही वेग अगदी कमी केला आणि नेमक्या त्याच क्षणी खांद्यावरचा हात मागे ओढला गेला. ‘अहो, थांबा! थांबा!’ एवढेच शब्द ऐकू आले. डबा रस्त्यावर पडला.

पदराचे टोक आऱ्यांत गेले होते. गाडी जवळपास उभीच असल्याने चाक अर्धाच वेढा फिरले. खांद्याची पिन कापडासकट फाटून निघाली आणि मानेभोवतीचा पेच सुटला. मानेवर एक लाल रेघ उमटली, खांदा चार दिवस दुखला, साडी गेली. एका भाजीवाल्या बाईंनी धावत येऊन पाणी दिले. त्यांनीच चाकातून कापड सोडवले आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही तिळगूळ गोळा करण्यात गुंतल्याचे सोंग केले. वेग तीस असता, तर काय झाले असते याचा हिशेब आम्ही त्या रात्री करीत बसलो, आणि तो वहीत लिहिण्यासारखा नव्हता.

घरी आल्यावर सौभाग्यवती गाडीकडे पाहत एवढेच म्हणाल्या, ‘तुमच्या गळ्यापुढे तार लावलीत, माझ्या मागची जाळी काढून टाकलीत.’ उत्तर नव्हतेच. चेतकच्या पत्र्याने पंचवीस वर्षे मुकाट्याने जे काम केले, तेच काम ही जाळी करीत होती. आम्ही पैसे देऊन ती काढवली होती.

ही जाळी शोभेची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकील असे आवरण, या तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. आवरण कशासाठी, तर मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून, असे नियमातच लिहिले आहे. आमच्या पुतण्याने तो नियम मोबाईलवर शोधून स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला आणि आपल्या गाडीकडे जाऊन आला. त्याच्या गाडीचीही जाळी नव्हती. त्याचे लग्न वैशाखात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काका-पुतणे त्या दुकानी गेलो. पोराने कुरकुर न करता मागच्या अंगणात नेले. तेथे भिंतीशी गंजत पडलेल्या जाळ्यांचा कमरेएवढा ढीग होता. निरनिराळ्या गाड्यांच्या, काहींवर अजून कारखान्याचा कागद चिकटलेला. ‘भंगारवाला महिन्यातून एकदा येतो,’ तो म्हणाला. आमची त्यांतून ओळखू येईना. शेवटी शोरूममधून नवी मागवली. तिला आठ दिवस लागले. तोवर सौभाग्यवती रिक्षाने गेल्या आणि भाडे आमच्याकडून रोख घेतले.