२,१४,७४,८३,६४७ : या संख्येपाशी घड्याळ का अडणार?

२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे ऑयलरने १७७२मध्ये सिद्ध केले. ती म्हणजे दोनाचा ३१वा घात वजा एक. ३२ बिटांपैकी एक अधिक-उण्याच्या चिन्हासाठी जातो. उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या.

अनेक जुन्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद याच ३२ बिटांत मोजतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी जागा संपेल. पुढच्याच सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१ होईल.

नव्या ६४ बिट फोनना ही अडचण नाही. पण वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते आजच २०३८च्या पुढे जातात. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती २०३७वर ढकलून चालणार नाही.