भिंतीवर जंगल, ताटात काय?

मनोरंजन-उद्यानातील उपाहारगृहात माणूस भूक भागविण्यासाठी जातो की देखावा पाहण्यासाठी, याचे उत्तर तेथील मालकाला पक्के ठाऊक असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ सुरू झाले. तेथील ‘रेड बॉनेट’ या भोजनगृहास अमेरिकन डायनरचे रूप देण्यात आले. सिंदेवाहीचा एखादा शिक्षक किंवा तहसील कचेरीतील कारकून रजेच्या दिवसांत मुलाबाळांसह अशा उद्यानात गेला, तर अमेरिकेचे तिकीट न काढता त्याला अमेरिकेत जेवल्याचे समाधान लाभते. मुलांच्या चेहऱ्यावरील हर्ष खराच असतो. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. झटपट सेवेची ही पद्धत स्वच्छ आणि शिस्तीची आहे. मागणी नोंदविली की काही मिनिटांत ताटली हाती येते. परंतु घरून बांधून आणलेली शिदोरी अशा उद्यानांच्या दाराशीच बहुधा अडविली जाते, आणि एकदा आत गेलेल्या कुटुंबाला मागतील तो दर मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्या दरात वडा-पावाचे मोल थोडे असते. रंगविलेल्या भिंतीचे अधिक.

या प्रथेचे मूळ कॅलिफोर्नियात सापडते. सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये पदार्थांची यादी अगदी तोकडी करून, वाढप्यांना रजा देऊन खिडकीतून अन्न देण्यास प्रारंभ केला. तेथून फार दूर नसलेल्या अ‍ॅनाहाइम गावी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, आणि वेगाला वेशभूषेची जोड मिळाली. तेथे ‘कासा द फ्रिटोस’ नावाचे मेक्सिकन थाटाचे एक उपाहारगृह होते. उरलेल्या शिळ्या मक्याच्या पोळ्या फेकून न देता त्यांचे तुकडे तळून विकावेत, अशी युक्ती तेथे निघाली, आणि त्यातूनच पुढे ‘डोरिटोस’ जन्माला आले, असे सांगतात. १९६६ पासून ते साऱ्या अमेरिकेत विकले जाऊ लागले. वस्तुतः शिळी पोळी तळून खाण्याची काटकसर मेक्सिकोतील गृहिणींना पूर्वापार अवगत होती. त्यांची कला देखाव्यासाठी उचलली गेली. नफ्याच्या वहीत मात्र त्यांचे नाव चढले नाही.

ज्या वर्षी डिस्नेलँड उघडले, त्याच वर्षी, १९५५ मध्ये, ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. हा केवळ योगायोग खरा; पण तो विचार करावयास लावणारा आहे. पुढे १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. सिंदेवाही तालुक्यातील शिवणीचे वनक्षेत्र त्याच्याच सीमावर्ती पट्ट्यात येते. आज मोहर्ली-कोलाऱ्याच्या वाटांवर पर्यटकांसाठी निवास आणि भोजनगृहे वाढत आहेत. बांबूचे छत आणि भिंतीवर डरकाळी फोडणारा वाघ एवढे झाले की ‘जंगलातील भोजन’ सिद्ध होते. ताटात मात्र अनेकदा नागपुरात मिळते तेच पनीर आणि दिल्लीत मिळतात त्याच शेवया. ज्या जंगलाचा देखावा विकला जातो, त्या जंगलातून पोट भरणाऱ्यांसाठी ते भिंतीवरचे चित्र नव्हे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघ पाहावयास येणाऱ्याचा पैसा आणि वाघाच्या शेजारी राहण्याची जोखीम यांची वाटणी अशी विषम असेल, तर निदान ताटापुरता तरी हिशेब मागण्याचा हक्क येथील माणसाला आहे की नाही?

पर्यटकाला ओळखीचे अन्न लागते आणि खेड्यातला स्वयंपाक झटपट होत नाही, असा आक्षेप व्यवसायातील मंडळी घेतील. पहिल्या भागात तथ्य आहे. लहान मुलांसाठी साधा पोळी-वरणाचा सोपस्कार ठेवावाच. दुसरा भाग मात्र चंद्रपूरकडचा वडा-भात न खाल्लेल्याचा आहे. डाळींचे वडे आधी तळून ठेवलेले, भात वाफाळता, वडा कुस्करून वरून लाल मिरचीच्या फोडणीचे तेल ओतले की मिनिटभरात ताट तयार! याहून झटपट सेवा कोणती? त्याच्या जोडीला मोहाच्या फुलांचे लाडू आणि पावसाळ्यात वास्त्यांची भाजी ठेवता येईल. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके रंगतात, आणि आलुबोंडे-जिलेबीची दुकाने एवढ्या गर्दीला जेवू घालतात. तेथे ना शिदोरी अडविली जाते, ना कोणाला भिंती रंगवाव्या लागतात.

आणि तांदूळ? सिंदेवाहीच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या आणि वर्षानुवर्षे जपून नवे वाण सिद्ध केले. त्या वाणाला नाव मिळाले ते मनगटी घड्याळाचे — एचएमटी. २००५ मध्ये त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१८ मध्ये ते निवर्तले. तो बारीक भात दूरदूरच्या शहरांत चवीने खाल्ला जातो, आणि खाणाऱ्यांतील बहुतेकांना तो कोणी निवडला याची वार्ताही नसते. सजावटीवर लाखो रुपये खर्चणाऱ्या भोजनगृहाला एका पाटीवर ‘हा भात नांदेडच्या दादाजींचा’ असे लिहिण्यास किती खर्च येईल?

वनखात्याने आणि जिल्हा प्रशासनाने प्रवेशद्वारांवरील उपाहारगृहांचे ठेके देताना भाड्याच्या रकमेबरोबर दोन अटी घालाव्यात. धान, डाळ आणि वनोपज भोवतालच्या गावांतून रोखीने घेतले जावे; आणि स्वयंपाकघर चालविण्याचा पहिला अधिकार त्या गावांतील महिला बचत गटांचा असावा. वाढप्याच्या डोक्यावर मोरपीस खोवून ‘आदिवासी वातावरण’ निर्माण करण्यास मनाई केली तरी चालेल. घरचा डबा घेऊन आलेल्या शाळेच्या सहलीस सावलीत बसण्याची जागा आणि पिण्याचे पाणी विनामूल्य मिळावे, हे ठेक्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनावर पोरांचा डबा उघडत नाही.