आवाजाचा परवाना ग्रामसभेच्या हाती

बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाली बोलली जाते. ती मराठीच्या गोतातली नाही, शेजारच्या कोरकूच्या नाही, गोंडीच्याही नाही. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसत नाही. बोलणारे उरले आहेत जेमतेम दोन-अडीच हजार. दहा हजारांहून कमी भाषक असलेली भाषा आपल्या जनगणनेच्या यादीत वेगळी दाखवत नाहीत, म्हणून तिथेही निहाली सापडत नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कॉयपर यांनी १९६२ साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्यापैकी किती जणांनी तिचं नावही ऐकलं आहे?

महाराष्ट्राच्या श्रीमंतीची मोजदाद करताना आपण गडकिल्ले मोजतो, लेणी मोजतो. पण भिली मराठीच्या गोतातली, गोंडी आणि कोलामी तेलुगूच्या, मेळघाटातली कोरकू थेट संताली-मुंडारीच्या, आणि या सगळ्यांहून वेगळी निहाली. एका राज्यात इतकी कुळं नांदतात, हे वैभव आपण मोजलंच नाही. आणि ते आपल्या डोळ्यांदेखत ओसरतं आहे. आजी निहालीत बोलते, नातू तिला हिंदीत नाहीतर मराठीत उत्तर देतो. तुटतं ते इथेच.

आजवर भाषा वाचवायची म्हणजे शब्दकोश करायचा, व्याकरण लिहायचं. ते काम मोलाचं आहे, पण ते पुस्तक गावात परत येतंच असं नाही. आता बोललेलं ऐकून लिहून काढणारी, लिहिलेलं वाचून दाखवणारी, एका भाषेतलं दुसरीत नेणारी यंत्रं आली आहेत. ज्या भाषा लिहिण्यापेक्षा बोलण्यातच जगल्या, त्यांच्या खरंतर हीच कामाची. मेळघाटातल्या कोरकू आईला बाळाच्या आहाराची माहिती तिच्या भाषेत फोनवर ऐकता यावी. आश्रमशाळेत पहिलीत आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली गोष्ट आधी घरच्या बोलीत ऐकायला मिळावी. वनहक्काच्या दाव्यावर काय लिहिलं आहे, हे अंगठा उमटवण्याआधी म्हाताऱ्याला कळावं. यातलं काहीच हौसेचं नाही.

पण यंत्र ऐकायला शिकतं ते माणसांच्या आवाजावरूनच. तासन्‌तास ध्वनिमुद्रण हवं आणि त्यातला शब्दन्‌शब्द लिहिलेला हवा. गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात. ज्ञानेश्वरी वाचलेल्या मराठी कानाला तोच शब्द ‘इतर’ असा ऐकू येईल. यंत्राला हा फरक गोंडी माणसाशिवाय कोण शिकवणार?

२०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन आणलं. पहिल्या टप्प्यात संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी. सुरुवात चांगली आहे, तिचं स्वागत करायलाच हवं. पण २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर भाषक असलेली कोरकू त्या टप्प्यात नाही. कोलामी नाही. निहालीचा तर प्रश्नच दूर.

पण सरकारची वाट पाहत थांबण्याची गरज नसते, हे न्यूझीलंडच्या उत्तर टोकावरच्या कैताया या लहान गावातल्या माओरी लोकांनी दाखवलं. तिथल्या ‘ते हिकू’ या समाजाच्या मालकीच्या आकाशवाणी केंद्राने २०१८ मध्ये लोकांना हाक दिली: या, आपल्या भाषेतली वाक्यं वाचा, आवाज द्या. दहा दिवसांत अडीच हजारांवर माणसं पुढे आली आणि तीनशे तासांहून जास्त ध्वनिमुद्रण जमलं. त्यावर त्यांनी माओरी ऐकून लिहिणारं यंत्र स्वतः घडवलं. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची पुढची गोष्ट. ते आवाज त्यांनी मोठ्या कंपन्यांना दिले नाहीत. ‘कैतियाकितांगा’ म्हणजे राखणदारी, या आपल्या जुन्या कल्पनेवर त्यांनी परवाना बेतला: आवाज समाजाचा, वापर समाजाला विचारून, लाभ समाजाकडे. २०२२ मध्ये ‘व्हिस्पर’ नावाचं, बोललेलं ऐकून लिहिणारं यंत्र जगापुढे आलं. ते शिकवायला वापरलेल्या ६ लाख ८० हजार तासांत माओरीच्या नावावर १,३८१ तास होते. कोणाला विचारून घेतले, हा सवाल ‘ते हिकू’च्या लोकांनी तेव्हा उघडपणे केला.

हा सवाल आपल्याला नवा नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता. २०११ च्या एप्रिलमध्ये तो ग्रामसभेच्या हाती आला. बांबू तोच, जंगल तेच. परवाना कुणाच्या हातात, यावर सगळं ठरत होतं. आवाजाचंही तसंच आहे. देवाची गाणी, मयताची गाणी, औषधी झाडपाल्याची माहिती यातलं काय ध्वनिमुद्रित करायचं आणि काय गावाबाहेर जाऊच द्यायचं नाही, हे ग्रामसभेने ठरवावं. मुक्त परवान्यावर सगळं जगाला खुलं करा, असं सांगणारे भले लोक मला माहीत आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ज्यांचं जंगल एकदा असंच ‘सर्वांचं’ म्हणून गेलं, त्यांना हे सांगण्याआधी दोनदा विचार करावा.

निहालीसाठी गप्पा मारणारं यंत्र उद्या होणार नाही. तेवढा आवाजच नाही. पण शब्द शोधता येईल असा बोलता संग्रह, मुलांसाठी ऐकण्याच्या गोष्टी आणि लिहून काढायला हातभार लावणारं साधन आज होऊ शकतं. कोरकू आणि कोलामीसाठी याहून बरंच जास्त.

म्हणून माझं मागणं आहे. हिंजवडीत, बंगळुरूत, कॅलिफोर्नियात याच यंत्रांवर काम करणाऱ्या मराठी मुलामुलींनो, वर्षातले काही शनिवार-रविवार या भाषांना द्या. गावाला विचारून, गावातल्या तरुणांना ते काम शिकवत, म्हणजे तुम्ही निघून गेलात तरी ते चालू राहील. आश्रमशाळेतल्या गुरुजी-बाईंनो, मुलं घरात काय बोलतात ते वहीत उतरवा आणि त्यांना त्याबद्दल शाबासकी द्या. गोंडवाना विद्यापीठाने, पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने ध्वनिमुद्रणासाठी गावातल्याच माणसांना नेमावं आणि आवाज देणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. केंद्राच्या मंत्रालयाने ‘आदि वाणी’च्या पुढच्या टप्प्यात कोरकू आणि कोलामी घ्याव्यात, अशी पत्रं आमदार-खासदारांकडे गेली पाहिजेत. एक-दोन नाहीत, पोतंभर.

आणि मेळघाटातल्या, जळगाव जामोदच्या, पांढरकवड्याच्या तरुण दोस्तांनो, हे सगळं येईपर्यंत वाट पाहू नका. फोन तुमच्या खिशात आहे. आज संध्याकाळी आजीजवळ बसा, तिची परवानगी घ्या आणि तिच्या लहानपणीचा पहिला पाऊस तिच्याच भाषेत सांगायला सांगा. गाव, तारीख आणि तिचं नाव लिहून ठेवा. पहिली प्रत घरातच राहू द्या.